मेनूतून नाव गेलं म्हणजे डेटा गेला असं नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून आपल्या पेपरात जुन्या लॅपटॉपचं काय करायचं यावर बरंच छापून येतंय, विंडोज ११ कुठल्या मशीनवर चालतं, एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाकली तर किती फरक पडतो, नवीन घ्यायचा तर कोणता घ्यावा वगैरे. ते उपयोगाचंच आहे. पण लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकून घेतलं की दुसऱ्या दिवशी लोकांची जी धावपळ होते त्याबद्दल मला कुठेच काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र लिहितोय, जरा मोठं झालंय पण शक्य असेल तर कापू नका.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांच्या लॅपटॉपवर दोन सिस्टिम असतात, विंडोज आणि उबंटू (हा लिनक्सचाच एक प्रकार), कारण कॉम्प्युटरच्या बऱ्याच प्रॅक्टिकलना लिनक्स लागतं. लॅपटॉप सुरू केला की काळ्या स्क्रीनवर मेनू येतो, उबंटू पाहिजे की विंडोज, बाण दाबायचा आणि एंटर मारायचा. मग कधीतरी विंडोज हळू चालायला लागतं, व्हायरस येतो, घरचे म्हणतात जा फॉरमॅट मारून आण, मुलगा दुकानात जातो, दोन तासात नवीन कोरं विंडोज मिळतं आणि घरी येऊन बघतो तर मेनूच येत नाही, थेट विंडोज उघडतं. विंडोजमध्ये जाऊन बघावं तर उबंटूची पार्टिशन, म्हणजे डिस्कचा उबंटूसाठी वेगळा केलेला भाग, ड्राइव्हमध्ये दिसतच नाही. दुकानात फोन केला की तिकडून उत्तर येतं, उबंटू उडालं, आता परत सगळं टाकायचं तर पूर्ण डिस्क साफ करावी लागेल.

मागच्या सेमिस्टरला थर्ड इयरची एक मुलगी अशीच आली होती, प्रोजेक्टचा सगळा कोड उबंटूमध्ये, सबमिशन तोंडावर, आणि दुकानदाराने सांगितलंय की पूर्ण डिस्क साफ करायला उद्या लॅपटॉप घेऊन या. तिचं उबंटू जागेवर होतं. लॅपटॉपचा स्वतःचा बूट मेनू असतो, सुरू करताना कंपनीची की दाबली की येतो तो उघडला, त्यात उबंटूचं नाव होतं, निवडलं, लॉगिन झालं, सगळ्या फाइली जशाच्या तशा. त्याच्याच आधी एक मुलगा मात्र दुकानदाराचं ऐकून डिस्क साफ करून आला होता, त्याचं दोन वर्षांचं काम खरंच गेलं, आणि ते मेनूमुळे गेलं नाही, मेनू गेल्यावर जो उपाय केला त्याने गेलं. मला एवढंच सांगायचंय की मेनू गायब झाला तर घाबरून काहीही पुसू नका, दहातल्या नऊ वेळा असं मी आकडा काढून सांगणार नाही, पण जिथे फक्त विंडोजच्याच पार्टिशनवर विंडोज परत टाकलंय तिथे लिनक्सचा डेटा तसाच असतो.

हे होतं कसं ते एकदा कळलं की भीती निघून जाते. लॅपटॉपचं बटण दाबलं की सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा यूईएफआय नावाचा प्रोग्राम चालू होतो, बरेच जण त्याला अजून बायोसच म्हणतात, म्हणू दे, त्याच्याकडे एका छोट्या मेमरीत एक यादी असते, कोणकोणत्या सिस्टिम सुरू करता येतात आणि कोणत्या क्रमाने. ही यादी डिस्कवर नसते, मदरबोर्डवर असते. यादीत पहिलं नाव ज्याचं, त्याची फाइल तो डिस्कवरच्या एका चिमुकल्या पार्टिशनमधून उचलतो. ते ईएफआय पार्टिशन, विंडोजने स्वतः बनवलं असेल तर साधारण १०० एमबीचं, बऱ्याच कंपन्या २६० एमबीचं देतात, आणि त्यात मायक्रोसॉफ्टचा एक फोल्डर आणि उबंटूचा एक फोल्डर शेजारी शेजारी असतात. विंडोज नव्याने टाकलं की ते यादीत स्वतःचं नाव सगळ्यात वर नेऊन ठेवतं, बस. उबंटूचा फोल्डर बहुतेक वेळा तिथेच असतो, उबंटूची मोठी पार्टिशन तर तिथे असतेच. सोसायटीच्या बोर्डावरून नाव पुसलं गेलं म्हणून फ्लॅटमधलं सामान जात नाही, तसलाच हा प्रकार आहे.

आणि विंडोजमध्ये ती पार्टिशन दिसत नाही याचं कारण वेगळंच आहे. लिनक्सची पार्टिशन बहुतेक ईएक्सटी४ पद्धतीची असते आणि विंडोजला ती मुळात वाचताच येत नाही, आधीही येत नव्हती, त्यामुळे माय कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे गेली असा अर्थ काढूच नये. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, तिथे नाव नसलेला, फाइल सिस्टिम न लिहिलेला एक मोठा डबा दिसेल, पन्नास जीबी, शंभर जीबी, जेवढी जागा तुम्ही उबंटूला दिली होती तेवढा. तेच तुमचं लिनक्स. लोक त्यालाच रिकामी जागा समजतात आणि डिलीट करून सी ड्राइव्हला जोडून टाकतात. कधीकधी विंडोज स्वतःच विचारतं की ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का, तिथे हो म्हणू नका, कृपा करून म्हणू नका.

आता दुकानदार उबंटू उडालं असं का म्हणतात तेही समजून घेतलं पाहिजे, ते मुद्दाम फसवतात असं मला वाटत नाही. ही मंडळी एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळात शिकली. तेव्हा डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये सगळा कारभार असायचा, त्याला एमबीआर म्हणतात, त्यातले ४४६ बाइट सुरू करणाऱ्या कोडचे आणि ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याचे. एकाच सिस्टिमला तिथे जागा, त्यामुळे विंडोज टाकलं की लिनक्सचा ग्रब नावाचा जो मेनूवाला प्रोग्राम असतो तो तिथून खरंच पुसला जायचा. तेव्हाही फक्त तो कोड जायचा, पार्टिशन जायची नाही, पण परत बसवायचं तर कमांड माराव्या लागायच्या, त्यापेक्षा सगळं नव्याने टाकणं दुकानदाराला सोपं पडायचं. विंडोज ८ आलं २०१२ ला, तेव्हापासून विंडोजसकट जे लॅपटॉप मिळतात ते यूईएफआयचेच असतात, पण सवय अजून तीच आहे.

तर मेनू गेला की पहिलं काम, लॅपटॉप रिस्टार्ट करून कंपनीची बूट मेनूची की दाबत राहायची. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला आधी एस्केप आणि मग एफ९, असुसच्या बहुतेक लॅपटॉपला एस्केप, एसरला एफ१२ पण ते आधी एफ२ ने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, लेनोव्होच्या काही मॉडेलला बाजूला टाचणी जाईल एवढं भोक असतं आणि आत बटण, ते दाबलं तरी मेनू येतो. शटडाउन करून चालू करण्यापेक्षा रिस्टार्ट करा, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग सुरू होताना की दाबायला वेळच मिळत नाही. की जमतच नसेल तर विंडोजमध्येच शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करा, निळी स्क्रीन येईल, त्यात यूज अ डिव्हाइस म्हणून असतं, तिथे तीच यादी दिसते. त्या यादीत उबंटू दिसलं आणि निवडल्यावर सुरू झालं तर तुमचं काही म्हणजे काहीच बिघडलेलं नाही. मग बायोसच्या सेटिंगमध्ये बूट ऑर्डर म्हणून असते तिथे उबंटू वर आणि विंडोज बूट मॅनेजर खाली करायचं, सेव्ह करायचं, जुना मेनू परत येतो. काही मॉडेलमध्ये सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय ते ऑप्शन उघडत नाहीत, तर तो ठेवा आणि वहीत लिहून ठेवा.

यादीत नावच नसेल तर थोडं जास्त काम आहे पण तेही घरी होण्यासारखं आहे. म्हणजे बहुतेक विंडोज टाकताना ते छोटं ईएफआय पार्टिशन डिलीट होऊन नवीन बनलंय, उबंटूचा फोल्डर गेला पण उबंटू स्वतः आहे. अशा वेळी मी मुलांना लिनक्स मिंटचा (हाही उबंटूसारखा लिनक्सचाच प्रकार) पेनड्राइव्ह बनवायला सांगतो, उबंटूचाही चालतो पण मिंटमध्ये बूट रिपेअर नावाचं टूल आधीपासूनच असतं त्यामुळे कमांड मारायला लागत नाही. पेनड्राइव्ह लावून बूट मेनूतून तो निवडायचा, आणि इथे एक गोष्ट नीट बघायची, पेनड्राइव्हचं नाव कधीकधी दोनदा दिसतं, एक नुसतं आणि एकाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं, तर यूईएफआय वालंच घ्यायचं. ते चुकलं तर दुरुस्ती जुन्या पद्धतीची होते आणि मेनू अर्धवट येतो, हा गोंधळ मी बऱ्याच मुलांचा बघितलाय. मिंट पेनड्राइव्हवरून चालू झालं की ते डिस्कवर काही लिहीत नाही, इन्स्टॉलवर क्लिक करायचं नाही फक्त. आधी फाइल मॅनेजर उघडून उबंटूची पार्टिशन उघडा, होम फोल्डरमध्ये तुमचं सगळं दिसेल, आणि पहिलं काम म्हणजे जे महत्त्वाचं आहे ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. दुरुस्ती त्यानंतर. मग इंटरनेट जोडून बूट रिपेअर उघडायचं, रेकमेंडेड रिपेअर म्हणून मोठं बटण असतं ते दाबायचं, विचारेल ते नीट वाचून करायचं, रिस्टार्ट. बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं.

उलटा प्रकार पण होतो, उबंटू नव्याने टाकलं आणि मेनूत विंडोज दिसत नाही. यातही विंडोज गेलेलं नसतं. ग्रबची २.०६ ही आवृत्ती २०२१ ला आली तेव्हापासून दुसरी सिस्टिम शोधण्याचं काम सुरक्षिततेच्या कारणाने डिफॉल्टने बंद ठेवलंय, त्यामुळे बऱ्याच मशीनवर मेनूत एकटं उबंटूच येतं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओएस प्रोबर डिसेबल करणारी एक ओळ असते, तिथे फॉल्स लिहायचं आणि अपडेट ग्रब ही कमांड एकदा चालवायची, विंडोज मेनूत येतं. तोपर्यंत बूट मेनूच्या कीने विंडोज सुरू करता येतंच, अडून काही राहत नाही.

आणि ज्यांनी विंडोजमधून लिनक्सची पार्टिशन डिलीट केली आणि आता सुरू करताना नुसतं ग्रब किंवा ग्रब रेस्क्यू लिहून कर्सर लुकलुकतोय, त्यांचंही विंडोज शाबूत आहे. नव्या लॅपटॉपवर बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडा, सुरू होईल, मग ऑर्डर बदला. जुन्या एमबीआरवाल्या मशीनवर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून रिपेअर युअर कॉम्प्युटरमध्ये जाऊन बूटरेकची फिक्स एमबीआर कमांड मारावी लागते. ह्या दोन्हींना पाच मिनिटं लागतात, आणि यासाठी कोणी पूर्ण फॉरमॅटचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

ज्यांच्याकडे लिनक्स नाहीच त्यांनाही मेनू छळतो. विंडोज दुसऱ्या पार्टिशनवर टाकलं की सुरू करताना निळ्या स्क्रीनवर विंडोज १० दोनदा लिहून येतं, ३० सेकंद थांबतं, आणि चुकीचं निवडलं तर एरर येते. चालू असलेल्या विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडायचं, बूट नावाचा टॅब, ज्याच्यापुढे करंट ओएस लिहिलंय ते सोडून दुसरं डिलीट करायचं. बस एवढंच.

जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र मी जरा जोर देऊन सांगतो कारण ती महिन्यांनी कळते. नवीन एसएसडी आत बसवतात, जुनी हार्ड डिस्क डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी नावाच्या खोक्यात लावतात, दोन्ही लावलेल्या असताना विंडोज एसएसडीवर टाकतात. विंडोजचा इन्स्टॉलर बघतो की जुन्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन आधीच आहे, मग तो सुरू करायच्या फाइली तिथेच टाकून मोकळा होतो. म्हणजे विंडोज नव्या एसएसडीवर आणि त्याची किल्ली जुन्या डिस्कवर. सगळं छान चालतं, आणि एक दिवस ती जुनी डिस्क मरते किंवा कोणीतरी काढून ठेवतं आणि लॅपटॉप म्हणतो बूटेबल डिव्हाइस नाही, आणि माणसाला वाटतं नवीन एसएसडीच गेली. म्हणून विंडोज टाकताना जुनी डिस्क काढून ठेवायला सांगा, स्क्रू काढायचा कंटाळा करू देऊ नका, काम झालं की परत लावता येते.

हे सगळं झालं मेनूचं. पण एका ठिकाणी डेटा खरोखर जाऊ शकतो आणि त्याबद्दल लोकांना काहीच माहिती नाही, म्हणून आपल्या पेपरने दुसरं काही नाही तरी हे तरी छापावं. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी कुलूपबंद होते, होम आवृत्तीत सुद्धा, कोणी विचारत नाही, मोठी सूचना येत नाही. रोज वापरताना काही कळत नाही. पण तुम्ही मेनू दुरुस्त करायला बायोसमध्ये गेलात, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीच्याच सिस्टिम चालू देणारी सेटिंग) बंद केलं, तर विंडोज एकदम निळी स्क्रीन दाखवून ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये डिव्हाइसच्या खाली सेव्ह असते. आता विचार करा, दुकानदाराने घाईत विंडोज टाकताना स्वतःचंच अकाउंट टाकून सेटअप पूर्ण केलं असेल तर की त्याच्या अकाउंटमध्ये गेली, तुमच्या नाही. की नसेल तर विंडोजमधले फोटो, कागदपत्रं, काही परत मिळत नाही, मायक्रोसॉफ्ट पण काढून देऊ शकत नाही. म्हणून बायोसला हात लावायच्या आधी सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा, असेल तर ४८ आकडे कागदावर उतरवून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा, त्या कागदाची रेशन कार्डसारखी काळजी घ्या, नाहीतर आधी एन्क्रिप्शन बंद करून टाका आणि ते पूर्ण बंद होईपर्यंत थांबा. दुकानातून लॅपटॉप आणताना कुणाच्या अकाउंटने सेटअप केलंय हे समोर बसून बघा.

मेनू जायला दरवेळी रिइन्स्टॉलच लागतं असंही नाही. १३ ऑगस्ट २०२४ ला विंडोजचं सिक्युरिटी अपडेट आलं आणि जगभरात दोन सिस्टिमवाल्या लोकांचं लिनक्स सुरू होईना, स्क्रीनवर एसबॅट सेल्फ चेक फेल्ड असं काहीतरी यायचं आणि मशीन बंद व्हायचं. ग्रबच्या जुन्या, धोकादायक आवृत्त्या सुरू होऊ नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एसबॅट नावाची बंदीची यादी लावली होती, दोन सिस्टिम असतील तिथे लागू होणार नाही असं म्हणाले होते पण झाली. उपाय होता, सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, उबंटूत जाऊन मोकयुटिल नावाच्या कमांडने ती एसबॅट पॉलिसी काढायची, उबंटू अपडेट करायचं आणि मग सिक्युअर बूट परत चालू करायचं. मायक्रोसॉफ्टकडून कायमची दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली, म्हणजे नऊ महिन्यांनी. त्या काळात किती पोरांनी उबंटू खराब झालं समजून काढून टाकलं असेल देव जाणे. यात लक्षात ठेवायचं एवढंच की सिक्युअर बूट बंद केलं तर काम झाल्यावर परत चालू करा, कायमचं बंद ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो तो मला पटत नाही.

अजून एक छोटी गोष्ट, मेनू परत आला की घड्याळ साडेपाच तास मागेपुढे दिसायला लागतं आणि मग लोकांना वाटतं दुरुस्तीत काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नाही, लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेने धरतं आणि विंडोज भारताच्या वेळेने, उबंटूमध्ये टाइमडेटसीटीएलची एक कमांड देऊन ते जुळवता येतं.

आता मागण्या, कारण नुसती माहिती देऊन भागणार नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांनी पहिल्याच लिनक्सच्या प्रॅक्टिकलला कमांड शिकवायच्या आधी अर्धा तास यावर द्यावा, मुलांसमोर मेनू घालवून दाखवावा आणि परत आणून दाखवावा, एकदा डोळ्यांनी बघितलं की मूल आयुष्यात घाबरत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स शिकवणारे व्हिडिओ मराठीत सुद्धा केलेत, फुकट आहेत, त्यांनी यात बूट मेनूच्या दुरुस्तीचा एक व्हिडिओ मराठीत करावा अशी माझी मनापासून विनंती आहे, ग्रामीण भागातल्या डिप्लोमाच्या पोरांना इंग्रजी व्हिडिओ बघून धीर येत नाही.

दुकानदारांना माझी विनंती आहे, तुमचं काम कष्टाचं आहे, दिवसाला किती मशीन येतात मला माहितीये, पण लॅपटॉप घेताना पावतीवर तीन गोष्टी विचारून लिहीत चला, दुसरी सिस्टिम आहे का, बॅकअप घेतलाय का, आणि सेटअप कुणाच्या अकाउंटने करायचा. विंडोज टाकताना सगळी पार्टिशन डिलीट करून एकच करायची सवय सोडा, फक्त विंडोजचीच पार्टिशन फॉरमॅट करा. गिऱ्हाइकाचं काम नुसतं विंडोज हळू चालतंय एवढंच असेल तर रिसेट धिस पीसी वापरा, त्यात सगळं काढायचं निवडलं तरी फक्त विंडोजचा ड्राइव्ह की सगळे ड्राइव्ह असं विचारतं, फक्त विंडोजचा निवडला की बाकीच्या पार्टिशनला हात लागत नाही. कंपनीची फॅक्टरी रिकव्हरी मात्र बहुतेक पूर्ण डिस्क पुसते, ती चालवायच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करा.

आणि पालकांनी, मुलगा म्हणतोय मेनू येत नाही, सबमिशन आहे, तर त्याला नवीन लॅपटॉप मागायचं निमित्त समजू नका आणि लगेच दुकानातही पाठवू नका. आधी त्याच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पाठवा. आमच्यासारखी माणसं प्रत्येक कॉलेजात आहेत, विचारलं तर नक्की मदत करतात.

संपादक महोदय, पूर्ण पत्र छापायला जागा नसेल तर बूट मेनूच्या कीचा परिच्छेद आणि ४८ आकडी कीचा परिच्छेद एवढे दोन तरी चौकटीत छापा, म्हणजे लोकांना कापून ठेवता येतील. सेमिस्टरची सबमिशन सुरू व्हायच्या आधी आलं तर फार बरं होईल.

आपला,
इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला एक वाचक,
सातारा